शित्झू मूळचा कुठला? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आमच्या घरी नऊ वर्षांची चिमी आहे, काळी-पांढरी शित्झू. तिचे फोटो टाकायला लागल्यापासून लोक खाण्यापिण्याचं कमी आणि इतिहासाचंच जास्त विचारतात. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून मधेमधे "प्रश्न अमुक बघा" असं लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

१. शित्झू नक्की कुठला? तिबेटी की चिनी?

दोन्हीकडचा. मूळ तिबेटी कुत्र्याचं, घडवणूक चीनच्या राजवाड्यातली. लांब केसांची, सिंहासारखी दिसणारी छोटी कुत्री तिबेटमध्ये मठांत आणि घरांत पाळायचे. तिथून ती भेट म्हणून पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला गेली आणि राजवाड्यातल्या आखूड नाकाच्या कुत्र्यांशी त्यांचा संकर होत होत जे झालं तो शित्झू. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केनेल महासंघाच्या कागदावर (त्यांचं स्टँडर्ड, म्हणजे जातीचं ठरवून दिलेलं वर्णन, क्रमांक २०८) मूळ देश तिबेट लिहिलाय, पण जातीची देखरेख ब्रिटनकडे दिलीय. म्हणजे रक्त तिबेटचं, रूप पेकिंगचं आणि कागदपत्रं इंग्लंडची. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे, त्यासाठी प्रश्न ८ आणि ९ बघा.

२. नावाचा अर्थ काय आणि म्हणायचं कसं?

चिनीत "शी-त्झ" म्हणजे सिंह आणि "कौ" म्हणजे कुत्रा. पूर्ण नाव "शी-त्झ कौ", सिंह-कुत्रा. जुन्या पद्धतीच्या इंग्रजी स्पेलिंगमुळे सगळीकडे गोंधळ झालाय, आपल्याकडे कोणी शिहझू म्हणतं, कोणी शिझू. मी शित्झू लिहिते, ते मूळ उच्चाराच्या बऱ्यापैकी जवळ जातं. गंमत म्हणजे चीनमध्ये आज याला बहुतेक लोक "शी-शी" कुत्रा म्हणतात. शी-शी ही त्यांच्या जुन्या काळातली दंतकथेतली सुंदरी, चीनच्या चार महासुंदरींपैकी एक. म्हणजे बाहेरच्यांसाठी सिंह आणि घरच्यांसाठी सुंदरी.

३. एवढुशा कुत्र्याला सिंह का म्हणायचं? चीनमध्ये सिंह होते का?

नव्हते, आणि गोष्ट तिथेच सुरू होते. चीनच्या जंगलात सिंह नाही, त्यामुळे सिंह पोचला तो बौद्ध धर्माबरोबर, मूर्तींमधून आणि चित्रांमधून. बोधिसत्त्व मंजुश्रीचं वाहन सिंह. आपल्याला यात नवीन काही वाटणार नाही, सिंहावर बसलेली देवता आपण लहानपणापासून बघतो, पण ज्या कारागिराने आयुष्यात सिंह पाहिला नाही त्याने तो घडवायचा म्हटल्यावर समोर काय असणार, तर दारातला कुत्राच. म्हणून चिनी देवळांच्या आणि वाड्यांच्या दारातले दगडी सिंह नीट बघा, कुरळी आयाळ, मोठे गोल डोळे, बसकं नाक, रुंद तोंड. मग उलटंही झालं, त्या सिंहासारखा दिसणारा कुत्रा शुभ मानला गेला. मंजुश्रीबरोबर एक छोटा कुत्रा फिरायचा आणि गरज पडली की तो सिंह व्हायचा, अशी एक कथाही सांगतात. कथा म्हणून सुंदर आहे, कथा म्हणूनच घ्या.

४. शित्झू हजार वर्षं जुना आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, खरं का?

चीनमध्ये छोटी लाडकी कुत्री हजार वर्षांहून जास्त काळ आहेत हे खरं. पण त्यांना शित्झू म्हणणं चूक.

जो पुरावा सगळे देतात तो इ.स. ६२४ चा. तांग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की काओछांग या मध्य आशियातल्या छोट्या राज्याच्या राजाने चीनच्या सम्राटाला एक नर आणि एक मादी अशी छोटी कुत्र्यांची जोडी पाठवली. उंची सहा "त्सुन", म्हणजे वीतभरसुद्धा नाही, लांबी एक फुटाच्या आसपास, आणि इतकी हुशार की घोड्याचा लगाम तोंडात धरून त्याला चालवायची आणि तोंडात मेणबत्ती धरायची. पण त्याच नोंदीत पुढे लिहिलंय की ही कुत्री "फुलिन"ची, आणि फुलिन म्हणजे बायझंटाइन साम्राज्य, आजच्या तुर्कस्तानाकडचा भाग. म्हणजे ती पश्चिमेकडून आलेली, तिबेटमधून नाही. तांग काळातला चित्रकार चौ फांग याच्या नावावर असलेलं एक चित्र लियाओनिंगच्या म्युझियममध्ये आहे, त्यात राजघराण्यातल्या बायकांच्या पायाशी असं छोटं कुत्रं दिसतं. ते बघून पुष्कळ जण "हाच शित्झू" म्हणतात. छोटं, झुबकेदार आणि राजवाड्यातलं एवढंच साम्य आहे.

आज आपण ज्याला शित्झू म्हणतो, ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या चेहऱ्याचा, वंशावळ लिहिलेला, त्या अर्थाने ही जात १९३० च्या दशकातली आहे. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, मला मात्र हा भागच जास्त रंजक वाटतो.

५. मग डीएनएमध्ये शित्झू लांडग्याच्या सगळ्यात जवळचा निघाला ते काय?

२००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा डीएनए तपासला होता. त्यात १४ जातींचा एक गट बाकीच्यांपासून वेगळा आणि लांडग्यांच्या जवळ दिसला, आणि त्या गटात हस्की, अकिता, अफगाण हाउंड यांच्या जोडीला शित्झू, ल्हासा आप्सो, पेकिनीज (पेकिंगच्या राजवाड्यातली बसक्या नाकाची छोटी जात) आणि तिबेटियन टेरियरही होते. त्यावरून "शित्झू म्हणजे छोटा लांडगा" असे मेसेज फिरायला लागले. अर्थ इतकाच की युरोपात १९ व्या शतकात ज्या शेकडो जाती एकमेकींत मिसळून तयार केल्या त्यापासून ही पूर्वेकडची कुत्री बरीच लांब राहिली. म्हणजे पूर्वज जुने, जात नवी, त्यामुळे प्रश्न ४ चं उत्तर यामुळे बदलत नाही.

६. राजवाड्यात यांना खरंच नोकरचाकर होते?

हो, आणि हे डोळ्यांनी पाहिलेल्या बाईने लिहून ठेवलंय. राजमाता त्सिशी, जिच्या हातात चीनची सत्ता जवळजवळ ४७ वर्षं होती, तिचं चित्र काढायला १९०३ मध्ये कॅथरीन कार्ल नावाची अमेरिकन चित्रकार राजवाड्यात राहिली होती. तिने लिहिलंय की कुत्र्यांसाठी संगमरवरी फरशीची वेगळी वास्तू होती, झोपायला रेशमी गाद्या होत्या, देखभालीला खास खोजे नेमलेले होते, रोज फिरवणं आणि वेळच्या वेळी आंघोळ. राजमातेची आवडती कुत्री पेकिनीज जातीची, आणि त्याशिवाय लांब केसांची, कार्लबाईंना स्कॉटलंडच्या स्काय टेरियरसारखी वाटलेली अशीही होती. शित्झूचा इतिहास लिहिणारे ही दुसरी कुत्री म्हणजे आपल्या कुत्र्यांचे पूर्वज असं मानतात.

आणखी एक गोष्ट तिने लिहिलीय ती मला फार आवडते, त्सिशीला बाहीत मावतील अशी मुद्दाम खुजी केलेली कुत्री पसंत नव्हती. "टीकप", म्हणजे कपात मावेल एवढी पिल्लं विकणाऱ्यांनी हे वाचावं (प्रश्न १२).

संकर कोणी केला, किती केला याची वही राजवाड्यात कोणी ठेवली नाही. पिल्लं वाढवायचे ते खोजे, आणि राजमातेच्या नजरेत यावं म्हणून सुंदर ठिपक्यांची पिल्लं काढायची त्यांच्यात चढाओढ असायची असं सांगतात.

७. दलाई लामांनी त्सिशीला शित्झू भेट दिले होते का?

१३ वे दलाई लामा १९०८ च्या सप्टेंबरात पेकिंगला आले होते, ही इतिहासातली पक्की घटना. त्यांनी तिला तिबेटी कुत्री दिली असं जातीच्या इतिहासात परंपरेने सांगितलं जातं. दिली असतील तर ती तिबेटी "सिंह-कुत्री", आजच्या ल्हासा आप्सोच्या जवळची. पण तारखा बघा, १५ नोव्हेंबर १९०८ ला त्सिशी गेली. दोन महिन्यांत कोणी नवी जात घडवत नाही. त्यामुळे "दलाई लामांच्या भेटीतून शित्झू जन्मला" हे वाक्य कुठे दिसलं तर सोडून द्या, तिबेटहून कुत्री यायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची.

८. ल्हासा आप्सो आणि शित्झू एकच ना? आमच्याकडे तर दुकानदार दोन्ही नावं घेतो.

एक नाहीत, पण गोंधळ करणारे तुम्ही पहिले नाही, इंग्लंडमध्येही तो झाला होता आणि तोच या जातीच्या जन्माचा दाखला ठरला.

ल्हासा आप्सो इंग्लंडला गेला तो सिक्कीममार्गे. ब्रिटिशांचे सिक्कीममधले पोलिटिकल ऑफिसर कर्नल बेली आणि त्यांची बायको यांनी आपली तिबेटी कुत्री १९२८ मध्ये नेली. शित्झू गेले पेकिंगहून, १९३० मध्ये. तेव्हा तिथे दोघांनाही आप्सोच म्हणायचे. मग १९३३ मध्ये चेल्टनहॅमच्या शोमध्ये दोन्हीकडची कुत्री शेजारी शेजारी उभी राहिली आणि परीक्षकांच्या सोडाच, मालकांच्याही लक्षात आलं की ही वेगळी आहेत. तिबेटहून आलेल्यांचं तोंड निमुळतं, नाक लांब, पाय उंच. पेकिंगहून आलेल्यांचं डोकं रुंद, नाक बसकं, डोळे मोठे. त्यानंतर वाटण्या झाल्या आणि पेकिंगवाल्यांना शित्झू हे वेगळं नाव मिळालं.

घरी ओळखायचं असेल तर समोर बसवून बघा. शित्झूचे डोळे गोल आणि मोठे, नाकाच्या वरचे केस खालून वर उगवतात, आणि खालचा जबडा बहुतेक वेळा किंचित पुढे. ल्हासाचे डोळे छोटे, थोडे अंडाकृती, आणि चेहऱ्यावरचे केस पुढे डोळ्यांवर पडतात. स्वभावातही कामाचा फरक दिसतो, ल्हासा मठात आणि घरात राखणीला असायचा, अनोळखी माणसाला पटकन जवळ येऊ देत नाही. आमची चिमी गॅस सिलेंडरवाल्याच्या पायाशीही लोळते.

९. चीनमधून ही कुत्री बाहेर आली कशी?

थोड्या लोकांच्या सामानाबरोबर आली. १९१२ मध्ये सम्राटपद गेलं, १९२४ मध्ये शेवटचा सम्राट पू-यी याला राजवाड्यातून बाहेर काढलं, आणि राजवाड्यातली कुत्री त्याच्या आधीपासूनच पेकिंगमधल्या श्रीमंत चिनी घरांत आणि परदेशी वकिलातींच्या लोकांकडे पोचत होती.

इंग्लंडला नेली ती जनरल सर डग्लस ब्राउनरिग आणि लेडी ब्राउनरिग यांनी, १९३० मध्ये. जोडीची नावं शू-सा आणि हिबू. हिबू म्हणजे फ्रेंचमध्ये घुबड, आणि शित्झूचं पिल्लू चार महिन्यांचं झालं की चेहऱ्याचे केस असे चारी बाजूंनी ताठ उभे राहतात की नाव का पडलं ते कळतं. शेवंतीचं फूल हीसुद्धा तीच उपमा, इंग्लंडमध्ये शित्झूला शेवंतीच्या तोंडाचं कुत्रं म्हणायचे. त्याच सुमारास मिस हचिन्स नावाच्या बाईंनी लुंग-फू-सू नावाचा एक नर आयर्लंडला नेला.

नॉर्वेची शाखा वेगळी. चीनमधले डॅनिश वकील हेन्रिक काउफमन यांच्या पत्नीने १९३२ मध्ये तीन कुत्री ऑस्लोला नेली आणि त्यातली लाइडझा नावाची मादी राजवाड्यात जन्मलेली होती असं सांगतात. स्वीडन, डेन्मार्क वगैरे उत्तरेकडचे बरेचसे जुने शित्झू त्या तिघांचे वंशज.

इंग्लंडमध्ये १९४० मध्ये केनेल क्लबने शित्झूची वेगळी नोंदवही सुरू केली आणि १९४९ मध्ये ता ची ही मादी जातीतली पहिली चॅम्पियन झाली. महायुद्धाच्या काळात, माणसांनाच रेशनवर खायला मिळत होतं तेव्हा, लेडी ब्राउनरिगनी ही कुत्री टिकवून धरली.

१०. सगळे शित्झू फक्त १४ कुत्र्यांपासून आले हे खरं?

हो. सात नर आणि सात माद्या. आज जगात कागदपत्रं असलेला कुठलाही शित्झू मागे मागे नेला की या चौदांवर येऊन थांबतो. तुमच्या सोसायटीतला, माझी चिमी, ब्राझीलमधला कुणाचा तरी, सगळे एकाच गोतावळ्यातले. मला विचाराल तर राजवाड्याच्या गोष्टींपेक्षा हीच गोष्ट अंगावर काटा आणते, कारण यातले दोन-तीन जहाजावर आजारी पडून गेले असते तर कदाचित ही जात आज नसती.

११. त्या चौदांत एक पेकिनीज होता म्हणतात. मग शित्झू शुद्ध कसा?

होता, आणि लपवायचं काही कारण नाही. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये पेकिनीज पाळणाऱ्या मिस फ्रेडा एव्हान्स यांनी एका शित्झू मादीला काळा-पांढरा पेकिनीज नर दिला. त्यांचं म्हणणं होतं की सारख्या जवळच्या नात्यात पैदास होऊन कुत्री फार मोठी, लांब नाकाची आणि उंच पायाची व्हायला लागलीत. बाकीचे शित्झूवाले प्रचंड चिडले, विचारलंसुद्धा नव्हतं त्यांना. केनेल क्लबने त्या पिल्लांची नोंद संकर म्हणूनच केली आणि पुढच्या तीन पिढ्या पुन्हा शित्झूशीच जुळवल्यावर मग शुद्ध मानलं. अमेरिकेने त्याहून जास्त पिढ्या मागितल्या.

राहिला प्रश्न शुद्धतेचा. राजवाड्यात पेकिनीजशी संकर होऊनच शित्झूचं नाक आखूड झालं असेल, तर १९५२ चा संकर म्हणजे जुनंच काम पुन्हा एकदा, फक्त यावेळी वहीत लिहून. एव्हान्सबाईंनी न विचारता केलं ते मला पटत नाही, पण त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

१२. "इम्पीरियल" किंवा "टीकप" शित्झू हीच राजवाड्यातली खरी जात का?

नाही, नाही आणि नाही. अशी वेगळी जात कुठल्याच मान्यताप्राप्त क्लबच्या यादीत नाही. ब्रिटिश स्टँडर्डमध्ये वजन ४.५ ते ८ किलो आणि उंची जास्तीत जास्त २७ सेंटीमीटर. अमेरिकेत साधारण ४ ते ७ किलो. हातात उचलल्यावर शित्झू दिसतो त्यापेक्षा जड लागला पाहिजे, तसंच त्याचं शरीर आहे, घट्ट आणि हाडापेराने मजबूत.

चिमी घेतली तेव्हा आम्हालाही "राजघराण्याची लाइन" असं सांगून जास्त पैसे मागितले होते, आणि शेजारच्या टोपलीत दीड किलोचं एक पिल्लू होतं ज्याची टाळू अजून भरली नव्हती. त्याला "इम्पीरियल" म्हणून दुप्पट किंमत लावली होती. बोट लावल्यावर डोक्यावर मऊ खड्डा लागत होता तो मी अजून विसरलेले नाही. इतिहासाचं नाव घेऊन अशक्त पिल्लं विकतात याचा मला मनापासून राग येतो.

१३. इंग्लंडच्या राणीकडे गेलेला पहिला चिनी कुत्रा शित्झू होता का?

नाही, ती पेकिनीज. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, तिथे सापडलेल्या पेकिनीज कुत्र्यांपैकी एक कॅप्टन डन याने व्हिक्टोरिया राणीला दिली. तिचं नाव ठेवलं लूटी. हो, आपल्याच "लूट"वरून, हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला. लुटीच्या मालाचं ते नाव त्या बिचारीला १८७२ मध्ये मरेपर्यंत होतं.

राजघराण्याशी शित्झूचा संबंध नंतरचा. नॉर्वेतल्या काउफमनबाईंच्या कुत्र्यांचा एक मुलगा, चू-चू नावाचा, १९३३ मध्ये डचेस ऑफ यॉर्क म्हणजे पुढच्या एलिझाबेथ राणीच्या आईकडे गेला.

१४. अमेरिकेत याला खूप उशिरा मान्यता मिळाली, का?

एक कारण म्हणजे नावाचा घोळ. इंग्लंडमधून गेलेले सात शित्झू तिथे आप्सो म्हणून नोंदले गेले आणि आप्सोंच्या पैदाशीत वापरले गेले, ते निस्तरायला वर्षं गेली. दुसरं कारण प्रश्न ११ मधला पेकिनीज. दुसऱ्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी कुत्री नेली, संख्या वाढली आणि शेवटी १९६९ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने टॉय गटात, म्हणजे मांडीवर घ्यायच्या छोट्या कुत्र्यांच्या गटात घेतलं. ब्रिटनमध्ये मात्र तो आजही टॉय गटात नाही, युटिलिटी गटात आहे. त्यामुळे "टॉय ब्रीड आहे की नाही" या वादात दोघंही बरोबर असतात.

१५. चिनी लोकांनी स्वतः कधी स्टँडर्ड लिहिलं नाही का?

१९३० च्या दशकात पेकिंग केनेल क्लबने लिहिलं, पण त्या क्लबात परदेशी लोक बरेच होते, फ्रान्सची काउंटेस दांजू ही त्यातली महत्त्वाची. वर्णन मात्र अस्सल चिनी वळणाचं: सिंहाचं डोकं, अस्वलाचं धड, उंटाचे पाय, पिसांच्या झाडणीसारखी शेपटी, ताडाच्या पानासारखे कान, तांदळाच्या दाण्यासारखे दात, पाकळीसारखी जीभ आणि गोल्डफिशसारखी चाल. चाल खरंच तशी असते. लांब केस ठेवलेला शित्झू फरशीवरून पळताना पाय दिसतच नाहीत, पाण्यातून सरकल्यासारखा जातो.

१६. आज चीनमधले शित्झू तरी राजवाड्यातल्यांचे वंशज असतील ना?

तसं समजू नका. युद्ध, मग १९४९ ची क्रांती, आणि त्यानंतर कुत्रा पाळणं म्हणजे श्रीमंतांची चैन असं मानलं गेलं, शहरांत पाळायला बंदी होती. तिथली जुनी ओळ तुटली. आता तिथे दिसतात ते बाहेरून परत आलेले. पेकिंगचं रूप आज शिल्लक आहे ते पेकिंगच्या बाहेर गेलेल्या मोजक्या कुत्र्यांमुळे.

१७. थंड प्रदेशातला आहे तर नागपूरच्या उन्हाळ्यात पाळणं चूक का?

इतिहासाच्या पानावर थोडक्यातच सांगते. केस दुहेरी आहेत, तिबेटच्या थंडीसाठीचे, पण खरी अडचण केसांची कमी आणि पेकिंगमध्ये मिळालेल्या बसक्या नाकाची जास्त. कुत्रा तोंडाने धापा टाकून गार होतो आणि या चेहऱ्यात हवेला जागा कमी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर अजिबात नको, फिरणं पहाटे, घरात गार फरशी आणि पंखा-कूलर. केस आखूड केले तरी चालतात, टक्कल मात्र करू नका.

१८. आमच्या पिल्लाच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे, तो "बुद्धाचा अंगठा" म्हणतात. काही अर्थ आहे का?

सांगतात असं की बुद्धाने सिंह-कुत्र्याच्या कपाळाला स्पर्श केला आणि तिथे पांढरी खूण राहिली. गंमत म्हणजे ही खूण स्टँडर्डमध्येही आहे, दोन रंगांच्या शित्झूला कपाळावर पांढरा पट्टा आणि शेपटीचं टोक पांढरं असेल तर ते विशेष चांगलं मानतात. कथा नाही लिहिलेली तिथे, खूण तेवढी आहे. मात्र खूण नाही म्हणून पिल्लू कमअस्सल होत नाही, एकरंगी शित्झूही तितकेच खरे. चिमीच्या कपाळावरचा पट्टा लहानपणी बोटभर रुंद होता, आता केस लांब झाल्यावर तो शेंडी बांधतानाच दिसतो, कंगव्याने दोन्ही बाजूंचे काळे केस वेगळे केले की मधे एक सरळ पांढरी रेघ.